अजून थोडं आवळलं

बाबांचा आवळण्यावर फार विश्वास होता. घरातले नळ त्यांनी इतके आवळून ठेवले होते की आई दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन पाणी सोडायची. साखरेच्या बरणीचं झाकण एकदा त्यांनी असं लावलं की आठवडाभर घर बिनसाखरेचा चहा प्यायलं, आणि हे सगळ्यांच्या तब्येतीसाठीच केलं, असं बाबांनी जाहीर केलं. निवृत्त ड्रायव्हर माणूस. धाकटा मुलगा सोडला तर घरात सैल असं काही उरलं नव्हतं.

या धाकट्याला बाबांची जुनी व्हॅन हवी होती. बेकरीवाल्यानं रोज सकाळी दुकानोदुकानी पाव पोचवायचं काम देऊ केलं होतं, पण पावाला ऑईलचा वास आलेला चालणार नाही असं बजावून. आणि व्हॅन तर गळत होती. इंजिनावरच्या झाकणाखालचं रबरी गॅस्केट गेलं होतं. धाकट्यानं ते घरीच बदललं, तरी गळलं. तेव्हा बाबांनी निकाल दिला, "अजून एकदा बघ. थेंब पडला तर किल्ली जावईबापूंना."

रविवारी ताई आणि भाऊजी सकाळीच हजर झाले, आजाऱ्याला भेटायला यावं तसे.

धाकट्यानं घरासमोरच झाकण उतरवलं, जुन्या रबराचा चिकटा खरवडला, कडा पुसून कोरड्या केल्या आणि नवं गॅस्केट खाचेत बसवलं. बोल्ट आधी हातानं फिरवले, मग पान्यानं, समोरासमोरचे, बेताबेतानं. जास्त दाबलं की रबर चेपतं आणि तिथूनच ऑईल वाट काढतं, हे दुकानदारानं बजावलं होतं.

खुर्चीतून बाबा म्हणाले, "झालं एवढ्यात? मनगट आहे की दोरी?"

"बाबा, हे जास्त आवळायचं नसतं."

"ऐकलंत का, जावईबापू? आवळायचं नसतं म्हणे! उद्या म्हणेल, ब्रेक दाबायचा नसतो."

भाऊजी हसले. पाना कुठल्या टोकाला धरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण हसणं वेळेवर जमायचं.

धाकटा हात धुऊन आला तेव्हा बाबांचा कमरेवरचा भाग बॉनेटखाली होता. 'कट्' असा आवाज झाला. बाबा सरळ झाले आणि तुटलेल्या बोल्टचं डोकं त्यांनी शांतपणे शर्टाच्या खिशात टाकलं.

"बाबा?"

"सैल होता."

"मागच्या वेळीही तुम्हीच?"

"मागच्या वेळी सगळेच सैल होते."

तेवढ्यात भाऊजींनी उत्साहानं इंजिन चालू केलं. खाली आईची पांढरी चादर अंथरली होती. सगळे वाकले. थेंब पडला. भाऊजींनी वास घेऊन ऑईलच असल्याचं सांगितलं. दुसरं काय असणार होतं? गाडी रडत थोडीच होती.

"बाबांच्या खिशात बघा," धाकटा म्हणाला.

आईनं खिशात हात घातला, बोल्टचं डोकं काढलं, बराच वेळ पाहिलं. "शर्टाला डाग पडला की हो," म्हणाली आणि आत गेली.

"हो, आवळला!" बाबा म्हणाले. "का नाही आवळणार? तू केलेलं काम होतं ते."

किल्ली भाऊजींच्या हातात गेली. बेकरीवाल्याचं काहीच म्हणणं नव्हतं, त्याला व्हॅन हवी होती, ती कुणी का चालवेना.

"पण गळकी गाडी नेऊन मी काय करू?" भाऊजी म्हणाले.

"हा देईल की करून. रिकामाच आहे."

धाकट्यानं करून दिली. बोल्टचं तुटकं बूड पकडीनं हळूहळू बाहेर काढलं, तिसरं गॅस्केट बसवलं, बोल्ट तसेच बेतानं लावले. मग बॉनेट उघडं ठेवून, पाना मुद्दाम इंजिनाशेजारी ठेवून तो आत जाऊन बसला. खिडकीतून पाहत राहिला. बाबा इंजिनाशी आले, वाकले. हात मात्र पाठीमागे बांधलेले.

धाकटा बाहेर आला. "आवळा ना. सैल असतील."

"छे, छे! आता जावईबापूंची वस्तू. परक्याच्या वस्तूला आपण कशाला हात लावा?"

भाऊजी गल्लीत चक्कर मारून आले, चहा होईपर्यंत व्हॅन चादरीवर उभी राहिली. जुन्या डागाशेजारी एक थेंबही पडला नाही.

बाबांचा ऊर भरून आला. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

"बघ! मन लावून केलं की जमतं तुला."