खाल्लं नाही म्हणालो ना

"आ करा."

वाल्मिकने तोंड मिटूनच ठेवलं.

"आ करा म्हणते ना! बहिरे झालात काय?"

टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात उभी नोकरी घालवलेला पंचेचाळिशीचा माणूस खाटेच्या कडेवर बसला होता आणि बायको त्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगत होती. दारुड्याचं तोंड हुंगतात तसं. वैजयंताला वास हवा होता तो दारूचा नव्हे, गोडाचा. पेढ्याचा, गुळाचा, केळ्याचा, कसलाही. तो सापडला असता तर तिला बरंच वाटलं असतं, इतकी ती पेटली होती.

"काय खाल्लंत?"

"तू दिलीस ती अर्धी भाकरी."

"आणि?"

"आणि काय? खाल्लं नाही म्हणालो ना."

"मग साखर काय हवेतून येते?"

वाल्मिक भिंतीकडे तोंड करून बसला. वैजयंताने डब्यांच्या फळीला कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली आणि बाहेरून कडी लावून कामाला निघाली. खाडीजवळच्या एका गाळ्यात ती स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायची. त्या दिवशी तिने भांडी अशी घासली की मुकादम म्हणाला, "बाई, जरा हळू, भोक पडंल."

भोक पडो नाहीतर काही होवो, तिचं डोकं आदल्या दिवसापासून फिरलं होतं.

वाल्मिकच्या डोक्यात गाठ होती. ती कळली तीही नोकरीतच. केबलमधल्या तारा रंग बघून जोडायच्या असतात. ज्याच्या हातात डोळे आहेत असं साहेब म्हणायचे, तो वाल्मिक हिवराळे निळ्या तारेला हिरवी जोडायला लागला आणि भाईंदरात एकाचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजायला लागला. आधी मेमो मिळाला, मग चष्मा, आणि शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन. ऑपरेशन करून निघेल तेवढी गाठ काढली. उरलेली नजरेच्या जागेला चिकटून बसली होती, तिला हात लावता येत नव्हता. मेंदूची सूज उतरावी म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि त्या गोळ्यांनी अंगात आधीपासून थोडीशी असलेली साखर भडकवली. साखरेसाठी इन्सुलिन आलं. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं, असा सगळा प्रकार.

त्यातच डॉक्टर नीरज भेटले. तरुण, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला घटकाभरही विसरू न देणारे. उरलेल्या गाठीवर रेडिएशनच्या शेकाच्या जोडीने एक नवं औषध देऊन बघायचा त्यांचा अभ्यास चालला होता. निवडक पेशंट घ्यायचे होते. अट एकच, साखर ताब्यात हवी. नाहीतर ते औषध अंगाला झेपत नाही. "मी तुमच्या मिस्टरांना घेतो," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वैजयंताला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. वाल्मिकची उजवीकडची नजर गेलीच होती, डावीकडची वाचवायची होती. तेवढ्यासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती.

तिने केलंही. साखर घराबाहेर काढली, स्वतःचा चहा बंद केला. कंपाउंडरकडून सुई टोचायला शिकली. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा म्हणून केमिस्टने बजावलं होतं. हिच्याकडे कुठला आलाय फ्रीज! वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनकडे होता. हंसाबेन म्हणाली, "लाओ ना, इसमें क्या!" ती रोज सकाळी आंघोळ झाली की बाटली आधीच काढून दाराशी वाटीत ठेवायची आणि वैजयंता ती घेऊन खाली यायची, संध्याकाळची सुई झाली की परत वर नेऊन द्यायची.

एवढं करून पहिल्या तपासणीला साखर चढलेली. डॉक्टरांनी डोस वाढवला. दुसऱ्या तपासणीला आणखी चढलेली. मग मात्र डॉक्टरांचा तोल सुटला. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर ते ओरडले, "डोस डबल केलाय मी! हा माणूस चोरून खातो, बाई! इन्सुलिन खोटं बोलत नाही, पेशंट बोलतात. आता एकच चान्स देतो."

वाल्मिक तेव्हाही एवढंच म्हणाला होता, "साहेब, मी खात नाही."

वैजयंताने विश्वास ठेवला तो डॉक्टरांवर. त्याला एक कारणही होतं. महिन्यापूर्वी ऑफिसातला गणेश मुलगा पास झाल्याचे पेढे घेऊन आला होता आणि वाल्मिकने त्यातला अर्धा खाल्ला होता. संध्याकाळी त्यानेच आपण होऊन सांगितलं, "वैजू, गणेशला नाही म्हणवेना, अर्धा खाल्ला." त्या अर्ध्या पेढ्याने त्याचं वाटोळं केलं. जो एकदा खातो तो दहादा खात असणार, असा तिने हिशेब मांडला. एकदा खरं बोलल्याची शिक्षा माणसाने किती दिवस भोगायची?

आणि भूक! त्या सुजेच्या गोळ्यांनी माणसाला राक्षसासारखी भूक लागते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. वाल्मिक ताट पुसून खायचा आणि अजून मागायचा. "वैजू, चतकोर दे ना." ती ताट ओढून घ्यायची. एकदा त्याने टोपलीतल्या भाकरीकडे चाचपत हात नेला, तर तिने त्या हातावर चापटी मारली. चांगली सणसणीत. वाल्मिकने हात मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला. तिने त्याचे खिसे उलटे केले, उशीचा अभ्रा झटकला. शेवटी दुसऱ्या तपासणीच्या रात्री त्याला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं.

"हात ठेवा आणि सांगा, खाल्लं नाही म्हणून."

"त्यांना ह्यात आणू नको."

"का? भीती वाटते?"

"मी खाल्लं नाही म्हणालो, तेवढं पुरे झालं. शपथ कशाला घ्यायची?"

शपथ घेत नाही म्हणजे खातोच, असं तिने स्वतःशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवसापासून बाहेरून कडी सुरू झाली.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी ती वर गेली तर दाराशी वाटी नव्हती. हंसाबेनला ताप भरला होता. अंगाभोवती शाल गुंडाळून ती आली आणि वैजयंतासमोरच तिने फ्रीज उघडला. वरच्या बर्फाच्या कप्प्यात हात घातला आणि बाटली काढून दिली. बाटली पांढरी दगड झालेली होती.

"सॉरी हं, आज जल्दी निकालने का रह गया. थोडा पिघलने दो."

वैजयंताला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिला वाटलं, औषध म्हणजे जितकं थंड तितकं चांगलं. तिने बाटली तळव्यात घोळली, पदरात धरली, फुंकर घातली. आत बारीक दाणे फिरत होते. ते रोजच असायचे, तिला वाटायचं औषधच तसलं. बाटली विरघळेपर्यंत गाडी चुकली. संध्याकाळच्या सुईसाठी बाटली रुमालात बांधून ती वाल्मिकला घेऊन हॉस्पिटलात पोचली, तर डॉक्टर नीरज घड्याळाकडे बोट दाखवून उभेच.

"नऊ म्हणजे नऊ, बाई! तुम्हाला काही सीरियसनेस आहे की नाही?"

"बाटली विरघळायला नको का?" वैजयंताही तडकली. "ती काय माझ्या हुकमाने विरघळते?"

"काय विरघळायला?"

तिने रुमाल सोडला. डॉक्टरांनी बाटली घेऊन खिडकीच्या उजेडात धरली, हलवली. काचेला कण चिकटलेले होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसले.

"ही रोज गोठते?"

"रोज तिथंच ठेवतात. पहिल्यापासून."

"बाई, इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं. तुम्ही दोन महिने त्यांना जवळजवळ पाणी टोचताय."

"मी?" वैजयंताचा आवाज चढला. "मी टोचते? दोन महिने तुम्ही मला भाकरी किती विचारलंत, चहा किती विचारलंत, चोरून काय खातात विचारलंत. बाटली कुठं ठेवता, हे एकदा तरी विचारलंत?"

"ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"कुणीतरी म्हणजे कोण? इथं अजून कोण बसतं?"

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "नवी बाटली देतो. आता निम्माच डोस द्या, चांगलं औषध एकदम लागू पडेल. आणि फ्रीज नसला तरी अडत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवली तरी चालते."

माठाशी! तिच्या मोरीच्या कट्ट्यावर माठ होता. लग्नापासून होता. तिला त्या टेबलावरचं सगळं उचलून भिंतीवर फोडावंसं वाटलं.

परत येताना तिने वाल्मिकला सांगितलं, "औषध खराब झालेलं होतं." तो "हं" म्हणाला.

त्याला घरी बसवून ती तडक वर गेली.

"हंसाबेन, बाटली ऊपर क्यूं रखी? बर्फ में?"

"उधर खाली रहता है ना. हम लोग बर्फ खाते नहीं, तो उसमें कुछ रखने का होता ही नहीं."

"पण नीचे क्यूं नहीं? नीचे जगा नव्हती?"

हंसाबेनने आतल्या खोलीकडे बघितलं. तिथे तिची सासू माळ ओढत बसली होती. "बा बोली, दूध-शाक के बाजू में नहीं चलेगा. वो दवाई जनावर में से बनता है ना."

"जनावर का है इसलिए? का हमारे घर का है इसलिए?"

हंसाबेनचा चेहरा उतरला. तापाने लाल झालेले डोळे भरून आले. "मालूम नहीं," ती म्हणाली. "सच्ची बोलती हूँ. बा को मैंने पूछा नहीं."

वैजयंताच्या तोंडात दोन कचकचीत शिव्या आल्या होत्या. पण ही बाई रोज स्वतःचा चहा टाकायच्या आधी हिच्या नवऱ्याचं औषध काढून ठेवत होती. तिला शिव्या कशा द्यायच्या? आणि नाही द्यायच्या तर हा संताप न्यायचा कुठे?

"पूछना था!" ती ओरडली. "एक बार पूछना था!" आणि जिना उतरून खाली आली.

नव्या बाटलीने आठवड्याभरात साखर उतरली. त्याच फळीवरची तीच भाकरी आता पोटभर मिळत होती, तरीही उतरली. वाल्मिकने एका शब्दाने ते बोलून दाखवलं नाही. बोलला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर वैजयंताला हलकं वाटलं असतं. तो फक्त जेवायचा आणि हात धुवायचा. डावीकडचा उजेडही आता त्याला धुरकट दिसायला लागला होता.

डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन काढला आणि वैजयंताला एकटीला आत बोलावलं.

"गाठ पसरलीय, बाई. पलीकडच्या बाजूला गेलीय. आता अभ्यासात घेता येणार नाही. साधा शेक देऊ, त्रास कमी होईल. नजर मात्र..."

"दोन महिन्यांपूर्वी घेतलं असतं तर?"

"तसं नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"तेव्हा बरं नक्की सांगत होता! चोरून खातो म्हणून!"

"आय ॲम सॉरी. खरंच सॉरी."

"मला नका सांगू." वैजयंता उठली. "बाहेर या. भरल्या बाकांसमोर चोर म्हणालात ना त्यांना? आता त्या बाकांसमोरच सांगा."

डॉक्टर नीरज पांढरा कोट सारखा करून बाहेर आले. बाकावर वाल्मिक हात मांडीवर ठेवून बसला होता. दोन्हीकडे माणसं दाटलेली होती.

"हिवराळे, मी डॉक्टर नीरज. तुम्ही पथ्य नीट पाळलं होतं. दोष औषधात होता. तुम्ही खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

वाल्मिकने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "असू द्या साहेब," तो म्हणाला. "पुढच्या माणसाला तेवढं विचारत जा." डॉक्टर आत गेले.

वैजयंता त्याच्याशेजारी बसली. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "माझंपण चुकलं. मलापण असू द्या म्हणा ना."

वाल्मिकने मांडीवरचे हात मांडीखाली घेतले.

"डॉक्टर मला दोन महिने ओळखतो, वैजू," तो म्हणाला. "तू वीस वर्षं ओळखतेस."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर तिने भांडून घेतलं असतं. ती पदर तोंडात कोंबून बसून राहिली. समोरची बाई बघत होती, बघू दे म्हटलं.

मग वाल्मिक उठला. त्याने हात पुढे केला, हवेत चाचपला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. ती चालायला लागली. जिना आला तशी ती थांबली.

"पायरी," ती म्हणाली.

त्याने पाय टाकला.

"पायरी."

त्याने दुसरा टाकला. माणसं वर-खाली करत होती, धक्के देत होती. ती रडत रडत सांगत होती आणि तो उतरत होता. पुढे खरंच पायरी आहे का, हे त्याने एकदाही पायाने चाचपून बघितलं नाही.