कात्रीबाईंची राखणदार

मी एक जुनी पेशी आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, पण या क्षणी माझ्या असंख्य बहिणी तुमच्याही डोक्यात राबत आहेत. मेंदूची राखण करणं हा आमचा पिढीजात धंदा.

आमचं घराणं कात्रीबाईंच्या डोक्यात त्यांच्या जन्माआधीच राहायला आलं. मी मात्र जन्मले त्यांच्या पन्नाशीत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कापड कापायच्या, म्हणून तिथल्या मुलींनी त्यांचं हे नाव पाडलं होतं. दारातून एखादं मूल आत आलं की टेप हातात न घेताच त्या सांगायच्या, "छाती सव्वीस. आणि बाही जरा लांब ठेवा गं, हा सुट्टीत वाढणार!" शेकडो मुलांची मापं त्यांना तोंडपाठ होती. त्यांच्या कानावर पडलेलं आणि तोंडून निघालेलं सगळं मला शेजारच्या मज्जापेशींकडून कळायचं.

माझी जागा खोल आत, जिथे नव्या आठवणी आधी धरून ठेवल्या जातात, तिथे होती. माझे हात लांब आणि बारीक. दिवसभर मी ते चहूकडे फिरवायची. मेलेलं काही दिसलं की खाऊन टाकायची, जंतू शिरला की त्याला धरायची, मज्जापेशींना एकमेकींशी बांधणारे जोड निकामी झाले की ते तोडायची. माझं कौतुक कधी कुणी केलं नाही. पण शेजारणी निवांत असत, आणि मला तेवढं पुरे होतं.

मग एके दिवशी माझ्या हाताला काहीतरी चिकट लागलं. दोन शेजारणींच्या मधल्या जागेत प्रथिनाचा एक छोटासा गोळा बसला होता. मी तो खायला घेतला, पण तो पचेना. थोड्या दिवसांनी दुसरा आला, मग तिसरा. मला जे येत होतं तेच मी केलं. धोक्याची रसायनं सोडून बहिणींना हाका मारल्या. त्या धावून आल्या आणि त्यांनीही तीच रसायनं सोडली.

मित्रांनो, बोटात काटा गेला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. ती सूज तुमच्या भल्यासाठीच असते. काटा निघाला की ती उतरते. आमचा काटा काही निघेना आणि आमची सूज काही उतरेना. माझे बारीक हात आखडले, मी फुगून गोल झाले. कोणता जोड निकामी आणि कोणता धडधाकट, हे मला ओळखू येईना. वर्षानुवर्षं ज्यांची राखण केली त्या शेजारणींचे चांगले जोड मी तोडू लागले. त्यातल्या कितीतरी मेल्या. त्या चिकट गोळ्यांनी किती मारल्या आणि मी किती, याचा हिशोब आजही कुणाला नीट लागलेला नाही. माझा वाटा होता, एवढं मला ठाऊक आहे.

बाहेर काय झालं ते सांगते. कात्रीबाईंनी एका सकाळी अख्खा गठ्ठा कापला आणि प्रत्येक सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या.

"हे कुणी कापलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"त्या नवीन बाईनं," कात्रीबाई म्हणाल्या.

कारखान्यात नवीन बाई कुणीच नव्हती. मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कात्रीबाईंना स्वतः घरापर्यंत सोडलं आणि दारातच त्यांच्याजवळ राहणाऱ्या लेकीला हळूच म्हणाल्या, "उद्यापासून पाठवू नका."

घरी बसल्यावर त्या चष्मा साखरेच्या डब्यात ठेवायच्या आणि लेकीवर चोरीचा आळ घ्यायच्या. लेकीनं भावाला फोन केला, तर तो स्पीकरवर म्हणाला, "वय झालं की होतंच गं असं." लेक कामावरून थकून यायची. एकदा तिचा तोल सुटला. "आई, तू मुद्दाम करतेस का गं हे?" कात्रीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. काय मुद्दाम केलं, हेच त्यांना कळत नव्हतं.

पुढे त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली. ते सांगायचं कसं, हे त्यांना सुचेना. दोन दिवस त्या ओरडत राहिल्या, अंगावरचे कपडे ओढत राहिल्या. लेकीला वाटलं, विसरण्याचं जुनंच दुखणं वाढलंय. तिसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं तापलं. त्या तापाची वर्दी रक्तातून माझ्यापर्यंत पोहोचली. मी आधीच पिसाळलेली, त्यात ही वर्दी! त्या तीन दिवसांत आम्ही बहिणींनी जे केलं ते आधीच्या वर्षभरात केलं नव्हतं.

औषधानं ताप उतरला. पण घरातल्या न्हाणीघराची वाट त्या विसरल्या, आणि लेकीचं नावही.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून लेकीला सगळं समजावलं. मेंदूतले गोळे, सुजलेल्या राखणदार पेशी, तापाची भर.

"म्हणजे तिच्याच राखणदारांनी?" लेकीनं विचारलं.

"हो. वाचवायलाच धावतात बिचाऱ्या. थांबता येत नाही त्यांना."

"मग सूज उतरवायची गोळी द्या ना!"

"साध्या गोळ्या देऊन पाहिल्यात लोकांनी. त्यांनी हा आजार थांबला नाही. शोध चालू आहे. पण ताप, जळजळ, दातांचं दुखणं, काहीही अंगावर काढू देऊ नका. आणि त्या अचानक बिथरल्या तर लगेच घेऊन या."

लेकीनं हे सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "मी तिला फार बोलले हो."

आता ती रोज आईचे केस विंचरते. काल कात्रीबाईंनी विचारलं, "तू कोण गं?"

"मी आहे, आई."

"बरं झालं आलीस. इथे फार एकटं वाटतं."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं विसरत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्यांना सांगता येत नाही ते दुखणं तुम्ही शोधा. आणि त्यांच्यावर रागावू नका. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा. मी अजून कामावर आहे. राखण कशी करायची हे मला जन्मापासून येतं. थांबायचं कसं, ते मात्र मला कुणी शिकवलं नाही.