केकवालीचे केस आणि पेटाऱ्याची कडी

मित्रांनो, येणारे-जाणारे मला बाकडं समजतात. कोणी माझ्यावर बसून बूट काढतं, कोणी ओली छत्री टेकवतं. पण मी बाकडं नाही. मी एक जुना लाकडी पेटारा आहे. डेन्मार्कमधल्या एका बंदरगावात येप्पे आणि मारेन यांच्या घरी, दारातून आत आलं की डाव्या हाताला मी असतो.

लौरिट्स नावाच्या सुताराने मला एका खलाशासाठी घडवलं. ओकच्या जाड फळ्या, वर जड झाकण. जहाज कितीही हेलकावलं तरी झाकण उघडता कामा नये, म्हणून त्याने मला एक लोखंडी कडी बसवली. झाकण पडलं की ती आपली आपण कोयंड्यात जाऊन बसायची. बंदरातले लोक मुद्दाम ती कडी बघायला येत, आणि मी आतून फुलून जाई. पुढे खलाशाचा समुद्र सुटला. मी त्याच्या मुलीकडे गेलो, मग नातवाकडे. चादरी सांभाळल्या, लोकरीचे सदरे सांभाळले. नंतर कोणाला नको असलेल्या वस्तू सांभाळत बरीच वर्षं तळघरात ओल खात पडलो. येप्पेने मला वर आणलं, तेल लावून पुसलं आणि माझ्यात मुलांची खेळणी भरली.

तेव्हापासून मला जी धास्ती लागली, ती आजवर गेलेली नाही. सिसेल तेव्हा पाच वर्षांची होती, तिचा भाऊ आंकर जेमतेम तीनचा. दोघं माझ्या काठावर पोट टेकून आत वाकत, आणि त्यांचे पाय जमिनीवरून सुटले की माझा जीव खालीवर होई. येप्पेने कडी वर उचलून सुतळीने बांधून ठेवली होती. "ही काढूनच टाकतो उद्या," असं तो मारेनला म्हणायचा. पण उद्या काही उजाडत नव्हता.

सिसेलचा सहावा वाढदिवस फेब्रुवारीत आला. पाहुण्यांसाठी घर आवरताना मारेनने खेळणी वरच्या खोलीत नेली आणि मी रिकामा झालो; झाकण उघडंच राहिलं. सिसेलला दारावर कागदी झेंड्यांची माळ लावायची होती. सुतळी सापडेना, तेव्हा तिने माझ्या कडीची सोडून घेतली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

टेबलावर केक होता, एका मुलीच्या आकाराचा, म्हणून तिचं नाव केकवाली. तिला ज्येष्ठमधाच्या काळ्या गोड दोऱ्यांचे केस होते आणि लाल गोळ्यांची बटणं. थोड्या वेळाने सिसेलचा आवाज आला.

"आई, आंकरने माझ्या केकवालीला टक्कल केलं. बटणंपण खाल्ली."

"आंकर, कुठे आहेस? पुढे ये आधी," मारेन स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज काही खैर नाही तुझी."

"तू माझ्या वाढदिवसाला नकोसच," सिसेल ओरडली.

आंकर धावत माझ्याकडे आला. तोंड काळं झालेलं, मुठीत एक दोरा. काठावरून तो आत शिरला आणि त्याने झाकण अलगद ओढून घेतलं. बाहेर माझी कडी कोयंड्यात पडली. तिचा टक असा आवाज झाला. पूर्वी तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं.

तेवढ्यात पाहुणे आले. बाहेर बर्फ होतं. सगळ्यांनी जाडजूड कोट काढले आणि खुंट्या भरल्या म्हणून उरलेले माझ्यावर टाकले. एकावर एक ढीग झाला. आंकर सुरुवातीला मुद्दाम गप्प होता. रागावतील म्हणून श्वास रोखून बसला होता. मग त्याने झाकण ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं. तो आईला हाका मारू लागला, पण माझ्या फळ्या जाड, वर लोकरीचे कोट, आणि खोलीत मुलांचा गोंगाट. तळघरातल्या ओलीने माझी मागची फळी थोडी फाकली होती. त्या फटीतून हवा आत येत होती, पण किती पुरेल ते मला कळत नव्हतं.

केक कापायला सगळे जमले, तेव्हा आंकर नाही हे मारेनला कळलं. तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली. मग घरभर एकच धावपळ झाली.

"मागचं दार उघडं आहे," येप्पे म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी धक्क्यावर बघतो." तो कोट न घालताच पळाला. त्याच्यामागे पुरुषमंडळी गेली. खाडीकडून हाका ऐकू येऊ लागल्या.

शेजारच्या गुद्रुनबाई माझ्यासमोर थांबल्या. "मारेन, या पेटाऱ्यात बघितलंस का गं?"

"बाहेरून कडी लागलीय त्याला," मारेन म्हणाली. "वर एवढे कोट. आत कसा जाईल तो?" आणि ती निघून गेली.

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. तिचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. माझ्या आत तिचं लेकरू हुंदके देत होतं, आणि मला साधं कुरकुरताही आलं नाही.

पाहुण्यांमधल्या होल्गर आजोबांना फारसं ऐकू येत नसे. शोधायला जाऊन तेच घसरतील म्हणून कोणीतरी त्यांना हाताला धरून माझ्यावर, कोटांच्या ढिगात बसवलं. "इथेच बसा हं, आजोबा." ते बिचारे काठी धरून बसले. आत आंकरने आता पाठ टेकून दोन्ही पायांनी झाकणाला लाथा मारायला सुरुवात केली होती. आजोबा एकदम ताठ झाले.

"मला खालून कोणीतरी मारतंय," ते म्हणाले.

"काही नाही हो, आजोबा. बसा तुम्ही," गुद्रुनबाई म्हणाल्या.

"अगं, माझे कान गेलेत, बूड नाही गेलं," आजोबा म्हणाले आणि उठून काठीने कोट खाली लोटू लागले. सिसेल धावत आली. तिने कडी पाहिली, सुतळी नव्हती ते पाहिलं, आणि ती पांढरीफटक पडली. दोघांनी मिळून झाकण उचललं.

आंकर घामाने थबथबला होता. मारेनने त्याला उचलून छातीशी धरलं.

"मी बटणं परत देईन," तो म्हणाला.

येप्पे किनाऱ्यावरून परत आला, तो सरळ पक्कड घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. कडीचे खिळे निघताना मला दुखलं, पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. टकलू केकवालीचा एक पाय सिसेलने आपल्या हाताने भावाच्या ताटलीत ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची कडी आजच काढायला सांगा. जुन्या वस्तू जपा, पण त्यांच्यावर विसंबू नका. आम्हाला आत कोण आहे ते कळतं, पण सांगता येत नाही. आणि हातून काही चूक झाली, तर लपू नका. ओरडा खा, थोडं रडा. आईचा राग थोड्या वेळाने आपोआप उघडतो. माझं झाकण उघडत नाही.