फुलांची वाडी

संध्याकाळी सातला टीव्ही लागला की सृष्टी पोटावर हात ठेवून पुढ्यात बसायची. मालिकेतली सून कॉलेज शिकता शिकता गरोदर राहिली होती. आठवा लागला तरी तिची लिपस्टिक हलली नव्हती. चक्कर एकदाच आली, तीही नवऱ्याच्या बरोब्बर हातांत.

सृष्टी सोळा वर्षांची. पोर देखणी, बाप नाही, लोक बघतात. म्हणून दहावीची परीक्षा होताच आईने, सुलाबाईने, तिचं लग्न कुपवाडच्या कारखान्यात कामाला असलेल्या ऋषिराजशी उरकलं होतं. आता पहिल्या बाळंतपणाला लेक कडेगावला माहेरी आली होती. आशाताई नोंद करायला आल्या, तेव्हा चहा पुढे करत सुलाबाई म्हणाली, "एकोणीस."

आशाताईंनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. "आधार कार्ड?"

"सासरी ऱ्हायलंय, बाई."

सृष्टीला डोहाळजेवण हवं होतं, अगदी टीव्हीतल्यासारखं. "आई, मला फुलांची वाडी पायजे. गळ्यात, दंडाला, कमरंला, समदी मोगऱ्याची. आन् बसायला झोपाळा."

"झोपाळा कुठं बांधू? म्हशीच्या गोठ्यात?"

"बांध की. म्हशीलाबी गजरा घाल."

दोघी हसल्या. पण सुलाबाईने डोहाळजेवण केलं नाही. बायका येणार, फोटो काढणार, फोटो या फोनवरून त्या फोनवर जाणार, आणि कुणीतरी विचारणार, ही पोर गेल्या साली दहावीला नव्हती का? "पुढच्या खेपंला करू," ती म्हणाली. जणू पुढची खेप कपाटात घडी घालून ठेवली होती.

आठव्यात सृष्टीचे पाय चपलेत मावेनात.

"आई, डोकं लय ठणकतंय. डोळ्याम्होरं मुंग्या नाचत्यात."

"तू पोटात हुतीस तवा माझंबी पाय सुजलं हुतं. त्या टीव्हीवालीचं पाय तिचा नवरा चेपत बसतोय, ती कुरकुरती का?"

पायांना तेल चोळताना बोट दाबलं की खड्डा पडत होता, आणि भरून यायला वेळ लावत होता. सुलाबाईला तो दिसत होता. पण सांगलीच्या दवाखान्यात कार्ड मागतात. कार्डावर सोळा. सोळा म्हटलं की कागद पोलिसांत जातो; जावई आत, आणि त्याच्यामागे आपणही. दोन दिवस बघू, तिने ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सृष्टी चुलीपुढे पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजाऱ्याच्या जीपमधून सांगली गाठली.

"वय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

एकोणीस ओठांवर तयार होतं. सुलाबाईने लेकीचे पांढरे झालेले डोळे बघितले.

"सोळा. सोळाच हाय. कार्ड माझ्या पिशवीत हाय."

"दोन दिवस आधी आला असतात तर…" डॉक्टरबाई एवढंच बोलल्या आणि आत पळाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सृष्टी वाचली. बाळ, मुलगी होती, पोटातच गेली. पोलीसबाई येऊन सगळं लिहून घेऊन गेली. तिने विचारलं तेवढं सुलाबाईने खरं खरं सांगितलं; ज्यासाठी लपवायचं होतं ते आता काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सृष्टीचा झंपर भिजला. "आई, हे काय गं? बाळ न्हाई, तर दूध कशाला आलं?"

हे तिला टीव्हीने सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

"मोगरा बांध छातीला," शेजारच्या खाटेवरच्या नातीच्या बाळंतपणाला आलेल्या मेहरुनबी हळूच म्हणाल्या. "आटतं त्यानं."

सुलाबाई खाली दवाखान्याच्या दारातल्या फुलवाल्याकडे गेली. फुलवाला हौशी होता. "डोहाळजेवण हाय व्हय मावशी? वाडी करून देऊ?"

"न्हाई," ती म्हणाली. "सुटी द्या."

जुन्या लुगड्याच्या पट्टीत फुलं पसरून ती लेकीच्या छातीला गुंडाळू लागली. मेहरुनबींच्या नातीच्या फोनवर तीच मालिका चालू होती. सून बाळंत झाली होती, केसही न विस्कटता.

सृष्टी मान वळवून बघत राहिली.

"आई, त्ये बाळ तीन म्हयन्याचं हाय गं. नुकतं झाल्यालं इवलंसं असतंय. मी बघितलंय."

सुलाबाईच्या हातून पट्टीचं टोक सुटलं. तिने ते पुन्हा धरलं, गाठ मारली.

"घट्ट झालं का, बाळा?"

"न्हाई," सृष्टी म्हणाली. "आनकी आवळ."