डावीकडे झुकलेली फुली

चौकोन ३३१. नाही.

चौकोन ३३२. नाही.

काय शोधतेय ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. शेजारच्या बाईंना तसं वाटतंच. मी एक फुली शोधतेय. क्रॉस स्टिचची, तांदळाच्या कणीएवढी, माझ्या मुलीनं घातलेली. मुलगी जाऊन आज त्रेपन्न दिवस झाले.

चित्र बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर चौदा वर्षं होतं. वर आकाश आणि झाडं, खाली तळं, तळ्यात रिकामी होडी. आडव्या तीनशे फुल्या, उभ्या दोनशे वीस. नमुन्याच्या आलेखावर दहा-दहाचे चौकोन आखलेले असतात, ते सहाशे साठ भरतात. आकाश मी भरलं, तळं तिनं. तळं तीनशे एकतिसाव्या चौकोनापासून सुरू होतं.

तळ्यात तिची एकही फुली नाही हे मला ठाऊक आहे. त्या सगळ्या मीच उसवल्या.

तरी एखादी नजरेतून सुटली असेल.

चौकोन ३४०. नाही.

फुली म्हणजे दोन तिरके टाके. आधी खालचा, मग त्याच्यावरून वरचा. वरचा कुठल्या बाजूला झुकवायचा हे ज्याच्या त्याच्या हातावर, पण एकदा ठरलं की चित्रभर तसाच. माझा उजवीकडे झुकतो. मुलगी डावखुरी, तिचा डावीकडे. समोरून बघितलं तर काही कळत नाही. बाजूनं उजेड आला की मात्र धागा चमकतो, आणि उलट झुकलेली फुली तेवढी काळपट दिसते, गर्दीत कुणी एकानं पाठ फिरवावी तशी.

म्हणून मी चार वाजता बसते. त्या वेळी बाल्कनीतलं ऊन आडवं होऊन टेबलावर येतं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, तिथलं स्टँडचं भिंग ह्यांनी आणून दिलं. फ्रेमच्या टाचण्याही ह्यांनीच काढल्या, एकेक, वाटीत.

"दिवसाला किती?" ह्यांनी विचारलं.

"दहा चौकोन."

"म्हणजे तेहतीस दिवस."

"मोजता येतं मला."

"तुला येतंच. तोच तर त्रास आहे."

चौकोन ३५२. नाही.

सुरुवात चेरीनं झाली. चौदा बाय चौदा फुल्यांची चेरी, सुयांच्या पाकिटावर. मुलगी सात वर्षांची होती आणि तिचा पुढचा दात हलत होता. मी तिला तीन गोष्टी शिकवल्या. दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्यायचे. सुई खुपसायची नाही, कापडाचं भोक शोधून त्यातून जाऊ द्यायची. आणि मागे गाठ मारायची नाही, कधीच नाही. दोऱ्याचं टोक पुढच्या टाक्यांखाली दाबून टाकायचं.

"गाठ मारली तर?"

"तर समोरून फोड आल्यासारखं दिसतं. आणि मागची बाजू बघून लोक ओळखतात, बाई कशी आहे ते."

"लोक आपल्या चित्राच्या मागे कशाला जातील?"

मी तिला सुई ओवून दिली.

चेरीनंतर पुस्तकात ठेवायच्या खुणा. मग ह्यांच्या दुकानासाठी चष्म्याचं चित्र, त्याची एक काच दुसरीपेक्षा मोठी झाली. हे म्हणाले, "या मापाचं गिऱ्हाईक आलं की त्याला चष्मा फुकट." चित्र गल्ल्याच्या वर लागलं. मग उशीचा अभ्रा, मग घड्याळाची तबकडी. बारीकसारीक कामात सगळं खपून जातं. दोघींचे हात दोन बाजूंना झुकले तरी चेरी चेरीच दिसते. एवढ्या मोठ्या तळ्यात मात्र ते खपत नाही.

निदान मला खपलं नाही.

चौकोन ३७८. नाही.

तळ्याला साडेतीन वर्षं लागली. शाळेतून आली की हातपाय धुऊन ती भरतकामाची रिंग घेऊन बसायची. मी ओट्याशी असायचे. ताणलेल्या कापडातून सुई जाताना टप असा आवाज येतो, तो मोजायची मला सवय लागली. चार टप म्हणजे एक फुली; पन्नास फुल्या झाल्या की ती उठायची.

दुसऱ्या दिवशी तिची पाठ वळली की मी कात्री घ्यायचे. तिच्या पन्नास उसवायच्या, माझ्या पन्नास घालायच्या. त्याच रंगाच्या, त्याच जागी. शेवटी सुई तिनं जिथं अडकवून ठेवली असेल तिथंच अडकवायची.

"आई, माझा हात सुधारलाय ना? कालचं बघ किती एकसारखं आलंय."

"हो," मी म्हटलं. "बसला हात."

असं तिनं तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

चौकोन ३७९. नाही.

का केलं?

तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. तिला सांगायचं धाडस नव्हतं, असंही म्हणून बघितलं. खरं सांगायचं तर मला भिंतीवर नीट चित्र हवं होतं.

चौकोन ४०५. नाही.

हौशी भरतकाम मंडळाचं प्रदर्शन होतं, शाळेच्या हॉलमध्ये. चित्राखालच्या चिठ्ठीवर मी आमची दोघींची नावं घातली होती. परीक्षक बाई वयस्कर होत्या. त्यांनी पर्समधून छोटी बॅटरी काढली, चित्राच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि उजेड आडवा सोडला. आकाशावरून खाली, तळ्याच्या खालच्या काठापर्यंत.

"सुरेख. एकसुद्धा फुली उलटी नाही." मग चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "नावं दोन का पण? हे तर एका हाताचं काम आहे."

"दोघींनी मिळून केलंय," मी म्हटलं.

"असेल. हिनं दोरे काढून दिले असतील."

भिंगरी माझ्या शेजारीच होती. भिंगरी हे तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव, एका जागी ठरायची नाही म्हणून. त्या दिवशी मात्र ठरली. सतरा वर्षांची होती. परीक्षक बाईंच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बॅटरी देता जरा?"

तळ्यावरून तिनं उजेड फिरवला. डावीकडून उजवीकडे. मग परत. बॅटरी बंद करून दोन्ही हातांनी परत दिली.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं.

चौकोन ४०६. नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, चित्र आमच्या दोघींच्या गुडघ्यांवर आडवं.

"सगळ्या?"

"अगं, उलटी फुली उठून दिसते. तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"सगळ्या, आई?"

"हो."

तिनं खिडकीची काच खाली ओढली.

"एक तरी ठेवायचीस."

चौकोन ४०७. नाही.

घरी आल्यावर तिनं सुयांचं पाकीट, पुस्तकातल्या खुणा, अभ्रा, तबकडी, सगळं एका पिशवीत भरलं. दुकानात जाऊन गल्ल्यावरचं चष्म्याचं चित्रही काढून आणलं. हे नको नको म्हणत राहिले. सकाळी पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली. मी खिडकीतून बघितलं. खाली धावले नाही. राग ओसरला की नवीन करेल, असं वाटलं.

तिनं परत सुई हातात धरली नाही.

चौकोन ४३८. नाही.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. लिफ्ट दुरुस्तीचं शिकली, त्या कामाला लागली, वेगळी राहायला लागली. रविवारी फोन करायची. जेवलात का, बाबांची शुगर किती, गॅस मिळाला का. हसायचीसुद्धा. "आज एक माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला आणि मलाच विचारतो, तुमच्यात कुणी पुरुष माणूस नाही का. म्हटलं, आहे की, आत अडकलाय."

घरी आली की भिंतीकडे पाठ करून बसायची. तिची खुर्चीच ठरलेली होती. कितीदा वाटलं म्हणावं, काढून टाकू का ते चित्र. म्हटलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. चौदा वर्षं मी चहा देत राहिले.

चौकोन ४७१. नाही. फोन आला तेव्हा मी

चौकोन ४७२. नाही. फ्रिज पुसत होते, आणि तिच्या कंपनीतला मुलगा सांगत होता की जेवणाच्या सुट्टीत त्या

चौकोन ४७३. नाही. डोकं दुखतंय म्हणाल्या, भिंतीला टेकून बसल्या, आणि

चौकोन ४७४. नाही.

चौकोन ५१९. नाही.

"समजा सापडली," हे म्हणाले. हे समोर बसून कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते. हल्ली दुकानातलं काम घरी आणतात. "तर तिचीच आहे हे कसं ओळखशील?"

"वरचा टाका डावीकडे असेल."

"म्हणजे असा?" त्यांनी दोन काड्या एकमेकींवर ठेवल्या.

"उलट."

"असा."

"हो, तसा. तुम्हाला कशाला हव्यात या चौकशा?"

"घरात एवढा मोठा शोध चाललाय, माणसानं थोडं शिकू नये का?" मग काड्या उचलून म्हणाले, "आणि नाहीच सापडली तर?"

आधी आकाश आणि झाडं, मग अभ्र्यांच्या कपाटातल्या चिंध्या, मग घराचे कोपरे, असं काहीतरी मनात होतं. थांबायचं कुठं हे ठरवलं नव्हतं.

"जेवत नाहीस नीट," हे म्हणाले. "डोळ्याचा नंबर वाढला असेल तुझा. तपासू का?"

"नको."

"बायकोचाच चष्मा जुना राहिला तर दुकानाची अब्रू जाईल."

हसायला हवं होतं मी. त्यांनी वाट बघितली.

चौकोन ५८८. नाही. ५८९. नाही. ५९०. नाही.

चौकोन ६४०. नाही.

बघून झालेल्या चौकोनावर मी आलेखात पेन्सिलनं टिंब देते. एकतिसाव्या दिवशी सहाशे चाळिसाव्यावर टिंब दिलं. वीस उरले. सगळे पाण्याचे.

दुसऱ्या दिवशी बसलेच नाही. तिच्या कंपनीतून निरोप आला होता, तिचं कपाट रिकामं करायला या म्हणून. हे म्हणाले, "तू जा, मला एक ऑर्डर पुरी करायची आहे." राग आला मला. एकटीच गेले. कपाटात जादा बूट होते, कंगवा होता, अर्धा बिस्किटांचा पुडा, आणि हत्यारांचा कमरपट्टा. पट्ट्याला पाने-पकडी अडकवायची जागा उजव्या बाजूला असते. तिनं ती उसवून डाव्या बाजूला शिवून घेतली होती. चांभाराकडून असणार. टाके मशीनचे होते. तिथंच उभी राहून मी ते टाके भिंगाशिवाय एकेक बघितले.

घरी आले तर ह्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला पट्टी.

"काय झालं?"

"स्क्रू ड्रायव्हर घसरला."

"चाळीस वर्षांत घसरला नाही तो."

"म्हातारा झाला तोपण," हे म्हणाले.

चौकोन ६४१.

आहे.

होडीच्या खाली, सावलीतल्या निळ्यात. एकच फुली, काळपट. वरचा टाका डावीकडे.

भिंग सरकवलं, डोळे पुसले, परत बघितलं. सुटली, असं मी मोठ्यानं म्हटलं. ही माझ्या कात्रीतून सुटली. तिनं किती वर्षांची असताना घातली असेल त्याचा हिशोब करायला लागले. शेवटून दुसरा महिना, म्हणजे सतरावं लागलं होतं. त्या दिवशी ती ओट्यापाशी काय बोलली असेल तेही आठवायला लागले. मग कापड उलटं केलं. तिच्या दोऱ्याचं टोक कुठल्या टाक्याखाली दाबलंय ते बघायचं होतं.

मागे गाठ होती.

बारीक, नेटकी गाठ, चिमट्यानं ओढून बसवलेली. दोरा निळ्या रंगाच्या बरोबर नंबरचा, आलेखात बघून माझ्या डब्यातून काढलेला. पण शेजारचं निळं चौदा वर्षांत उतरलंय आणि हे कालचं आहे. भोक सैल झालेलं, तीन-चारदा सुई चुकल्यासारखं. आणि कापडावर एक तपकिरी ठिपका, सुईच्या टोकाएवढा. रक्ताचा.

माझी एक फुली उसवून तिथं ह्यांनी ही घातली होती. डाव्या हातानं प्रयत्न केला असावा. डाव्या हाताच्या बोटावरची पट्टी स्क्रू ड्रायव्हरची नव्हती, सुईची होती.

ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आलं.

तिची एकही फुली कुठंच नाही, हे मला त्या वेळी कळलं. आधी ते फक्त ठाऊक होतं.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. हे चहा करत होते आणि एकच कप दोनदा विसळत होते. मी कापड सरळ केलं.

"अहो."

"काय गं?"

"सापडली."

नळ बंद झाला. हे दारात येऊन उभे राहिले, चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना सांगितलं की काच सदऱ्याला पुसू नका.

"कुठं?"

"होडीच्या खाली. पाण्यात."

"बघू." त्यांनी वाकून भिंगातून बघितलं. पट्टीचं बोट मुठीत लपवलं. "डावीकडे आहे का गं वरचा?"

"हो. डावीकडेच."

"तिचीच मग."

"तिचीच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही तसं कधी करत नाही. या हातानं सुई कशी धरली असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर येत राहिलं.

"आता जेवशील ना?" हे म्हणाले.

"जेवते."

संध्याकाळी वाटीतल्या टाचण्या मी एकेक दिल्या, त्यांनी एकेक ठोकली. चित्र भिंतीवर गेलं. तिच्या खुर्चीत बसलं की ते पाठीमागे येतं. मी त्या खुर्चीत बसले.

आलेखात सहाशे एकेचाळिसाव्यावर टिंब दिलं.

चौकोन ६४२ ते ६६०. बघितलेले नाहीत.