दुमडीत राहिलेली गोचीड

मित्रांनो, पांढरे फडके दिसले की लोकांना वाटते, कोणीतरी शरण आले. मी मात्र जन्मभर चढाईवरच गेलो. मी फलालिनीचे एक जुने फडके आहे आणि गोचिडी पकडणे हा माझा हुद्दा आहे.

मला मॅडमच्या आईंनी घडवले. जुनी चादर कापून त्यांनी कडेला दुमड शिवली आणि तिच्यात काठी ओवली. मॅडम, म्हणजे माझ्या मालकीणबाई, तेव्हा नुसत्या विद्यार्थिनी होत्या.

"एवढं शिकून गवतावर चादर ओढायची?" आईंनी विचारले.

"आई, यालाच संशोधन म्हणतात."

"मग केरवारे करणारी मी केव्हाची शास्त्रज्ञ!"

मॅडम मला दोरीने गवतावरून ओढत. टपून बसलेल्या गोचिडी जनावर आले असे समजून मला बिलगत. मग मॅडम चिमट्याने त्या वेचून बाटलीत भरत. कोणत्या रानात कोणता ताप दबा धरून आहे, ते अशा बाटल्यांतून कळले. त्यांवरच मॅडमची पदवी, प्राध्यापकी आणि पुढे विभागप्रमुखाची खुर्ची उभी राहिली. शोधनिबंधांत माझे नाव नसे. ज्यांची असत, त्यांतल्या काहींनी गवत फक्त खिडकीतून पाहिले होते. म्हणून मी मनाला लावून घेतले नाही.

मॅडमचे गावोगावचे भाषण ठरलेले होते. रानातून आलात की अंग तपासा. कपडे आधी उकळत्या पाण्यात टाका. लोक माना डोलावत.

एकदा परदेशी परिषदेला निघायच्या गडबडीत मॅडमनी माझ्यावरच्या गोचिडी न वेचताच मला पिशवीत कोंबले आणि घरी धुण्यात टाकले. आईंनी मला गॅलरीत झटकले. माझ्या दुमडीत एक शिल्लक आहे, हे मला ठाऊक होते. मित्रांनो, फडक्याला चिकटवून घेता येते, ओरडता येत नाही. झटका बसला आणि ती सुटली. ती कुठे पडली, ते मी पाहिले.

काही दिवसांनी आईंनी मॅडमना फोन लावला. "अगं, मला एक... बरं, बैठकीत आहेस होय? ताप ना, आहे जरासा. घेते गोळी." फोन ठेवून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "कामात आहे बिचारी."

मॅडम परतल्या तेव्हा आई रुग्णालयात होत्या आणि डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. मॅडमनी आईंच्या गुडघ्यामागचा काळा डाग पाहिला. गोचीड चावल्याची खूण म्हणून वर्गात पडद्यावर त्या दरवर्षी दाखवत, तोच. योग्य औषध सुरू झाले. आई वाचल्या, कानांनी मात्र बरीचशी रजा घेतली.

मॅडमनी मला उकळले, वाळवले, पुन्हा उकळले. शेवटी त्या आईंसमोर जाऊन बसल्या.

"आई, ती गोचीड माझ्या फडक्यातून आली. मी वेचलं नव्हतं."

"काय? मोठ्यानं बोल."

मॅडमना तेच पुन्हा, शेजारच्या गॅलरीतल्या बाई वळून पाहतील इतक्या मोठ्याने सांगावे लागले. मी दोरीवर लोंबकळत होतो. लपायला जागा नव्हती.

आई उठल्या आणि त्यांनी कपाटातून औषधाची एक छोटी बाटली आणली. तळाशी ती होती. तीच.

"पायाला सापडली. तुझ्या कामाची असेल म्हणून जपून ठेवली. तेच सांगायला तर फोन केला होता, ठमे."

मॅडमनी बाटली घेतली. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि या वेळी आई 'मोठ्यानं बोल' म्हणाल्या नाहीत.

ती बाटली आता मॅडमच्या टेबलावर असते. भाषणाची सुरुवात तिच्यापासूनच होते आणि लोक माना डोलवायचे विसरतात. मी जीर्ण झालो आहे, पण आईंनी घातलेली दुमड अजून उसवलेली नाही.

मित्रांनो, रानातून आलात की कपड्यांच्या दुमडी उलगडून पाहा. आणि घरचे कोणी "अगं, मला एक..." असे म्हणाले, तर पुढचा शब्द ऐकून घ्या.