पाती घडवणाऱ्यांच्या चौकातला म्हातारा

मी एक जुना दगडी देव आहे. पाठीत वाकून बसलेला, तोंडात दोनच दात, आणि डोक्यावर निखाऱ्यांची परात. तुम्ही आज ज्या नगरीला तेओतिवाकान म्हणता, तिथे मला अग्निदेव मानत.

मित्रांनो, वादळाच्या देवाला मोठ्या रस्त्यावर देऊळ होते. मला मिळाला एका घराचा चौक. त्या घरातली माणसे ज्वालामुखीतल्या काळ्या काचेची पाती घडवत. पाथरवटाने मला त्यांच्या हवाली करताना एवढेच सांगितले, "म्हातारा केलाय. घरात ऐकून घेणारं कुणीतरी लागतंच."

घराची कर्ती होती सात-वेळू. आमच्याकडे जन्मदिवसाचेच नाव ठेवत. तिची सून दोन-कणीस ही पश्चिमेच्या वस्तीतल्या दक्षिणी लोकांची. ती माझ्या परातीत राळ जाळताना आपल्या बोलीत पुटपुटे.

"त्याला तुझी बोली कळत नाही गं," सासू म्हणे.

"तुमची तरी कुठे कळते, आत्याबाई? इतकी वर्षं सांगताय, गुडघा आहे तसाच आहे."

मला दोन्ही बोली कळत. गुडघ्याचे मात्र माझ्या हाती काही नव्हते.

सुनेचे पहिले बाळ महिन्याभरातच गेले. रीतीप्रमाणे त्याला वाडग्यात निजवून चौकातच, माझ्या उजवीकडे पुरले. सासूने वरून चुना लिंपला. मग सून रोज तिथे बसून आपल्या बोलीत विचारी, "थंडी वाजते का रे?" काही दिवसांनी सासू माझ्यातले निखारे उजव्या बाजूला ओढून ठेवू लागली. तिला ती बोली कळली होती का? हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

पुढे एके दिवशी मोठ्या रस्त्यावरची देवळे पेटली. कुणी पेटवली, परक्यांनी की आपल्यांनीच, ते मला चौकातून दिसले नाही. शेजारी नगरी सोडून निघाले. सून पुन्हा पोटुशी होती, पण जागची हलेना.

"बाळ इथं आहे," ती म्हणाली.

"त्याच्यापाशी मी बसते. तू पोटातलं सांभाळ."

"एकट्या?"

"हा म्हातारा आहे की. आणि ऐक, त्या पोराला तुझीही बोली शिकव. ऐकायला तशी वाईट नाही."

सून तिच्या पायांशी वाकली आणि गेली. कुठवर पोचली, मला कळले नाही. विस्तव राखायला सासूने आधी टोपल्या जाळल्या, मग मागाच्या काठ्या. एका सकाळी माझ्यातला विस्तव निवला आणि तो फुंकायला ती उठली नाही. नंतर छप्पर कोसळले, वर माती साचत गेली.

परवा नांगराला अडकून मी एकटाच बाहेर आलो. लोक माझे दात मोजून हसतात, हसू देत. पण मित्रांनो, आता तुम्ही तो चौक खणणार आहात. तिथे कुदळ चालवू नका, हाताने माती सारा. आधी आजी लागेल. तिच्या कुशीशी, चुन्याखाली, तिचा नातू आहे.